पाचवा चिंचोका

जिवा कशालाच भीत नाही, असं पाड्यावर म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आग्यामोहोळ उतरवायचं असलं की खोडाळ्यापासून माणसं त्याला बोलवायला येत. तोंडाला फडकं गुंडाळून, हातात धुराची चूड घेऊन हा साठ हात उंच चढे आणि वरून खालच्यांना शिव्या घाले. बाकीचे दिवस मजुरी. यंदा माघात फांदी मोडली, जिवा खाली आला आणि उजवा पाय गुडघ्याखाली प्लास्टरात गेला. तेव्हासुद्धा गडी भ्यायला नाही. भ्यायचं त्याने पुढच्यासाठी राखून ठेवलं होतं.

दवाखान्यातून घरी आणला त्या दिवशी त्याची बायको रविना हिने चार वर्षांच्या माघीला बजावलं, "बाच्या पायाला धक्का लावायचा नाय. बाळागत जपायचा त्याला." माघीने त्या पांढऱ्या गुंडाळ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान डोलावली. मग रविना बांधाच्या कामावर जाऊ लागली आणि जिवा घरी राहिला, माघी आणि आठ महिन्यांचा करण यांना सांभाळायला.

इथे त्याची खरी फजिती झाली. करणची टाळू उडताना दिसली की हा तिचे ठोके मोजू लागे. पोर जरा जास्त झोपलं तर हा त्याच्या नाकाशी बोट धरून बसे. नागलीची पेज भरवताना एवढासा ठसका लागला तरी रविनाला हाका मारी, आणि रविना तर डोंगरापलीकडे. मोहोळाच्या माशा निदान दिसतात. लेकराच्या आत काय चाललंय, ते कुणाला दिसणार?

"भाऊ नाय भीत, तूच भितोस," माघी म्हणायची. तिच्यापाशी पाच चिंचोके होते. दिवसभर तिचा तोच खेळ.

महिना होत आला तशी पायाची सूज उतरली. प्लास्टर सैल झालं आणि आत खाज सुटू लागली. जिवा खराट्याची काडी घालून खाजवत बसे. त्या दुपारी असंच खाजवता खाजवता त्याचा डोळा लागला.

जाग आली ती करणच्या खोकल्याने. पोर लालबुंद झालं होतं, तोंडातून लाळ गळत होती. शेजारी माघी बसलेली आणि तिच्यासमोर चिंचोके. चारच.

"माघे, पाचवा कुठं हाय?"

"बाळाला दिला."

"खाल्ला?"

"खाल्ला," माघी कौतुकाने म्हणाली. "भूक लागलेली त्याला."

जिवाच्या पायाखालची जमीन सरकली, आणि त्याचा तर एकच पाय जमिनीवर होता. त्याने करणच्या तोंडात बोट घालून पाहिलं. काही लागलं नाही, पोर मात्र किंचाळायला लागलं. मग त्याने वळून माघीच्या थोबाडीत दिली. आजवर त्याने तिला कधी मारलं नव्हतं. ती रडली नाही, त्याच्या प्लास्टरालाच घट्ट बिलगली. त्याने तिला ढकलून दिलं.

पाड्यावर चिटपाखरू नव्हतं, सगळे कामावर. फोनला तिथे कधीच रेंज नसते. उपकेंद्र मैलभर लांब, मध्ये चढ. जिवाने रविनाच्या जुन्या लुगड्याने करणला छातीशी बांधलं, काठी घेतली आणि एका पायावर निघाला. मागून माघी धावत होती. पावलागणिक प्लास्टरात नडगीला काहीतरी टोचत होतं. हाड पुन्हा मोडलं असणार, त्याला वाटलं. मोडू दे, पण माझं पोर वाचू दे.

चढ संपता संपता करणचं रडणं थांबलं.

जिवा एका दरडीला टेकून उभा राहिला. खाली बघायचं होतं, पण मान वळेना. साठ हातांवरून खाली बघणाऱ्या माणसाला वीतभर अंतरावरचं तोंड बघवेना. देवाचं नावही आठवेना.

"भाऊ झोपला," माघी म्हणाली.

त्याने चाचपडत नाकाशी बोट नेलं. ऊन ऊन श्वास लागला. तेवढ्यावर तो उरलेली वाट चालला.

उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी करणची छाती तपासली, पाठ तपासली, घशात बॅटरी मारून पाहिलं. "काही अडकलेलं नाही. सर्दी आहे, आणि दात येतायत. लाळ त्याचीच."

"पण पोरीने दिला हाय, बाई. ती खोटं नाय बोलत."

बाई माघीसमोर उकिडव्या बसल्या. "बाळाला चिंचोका कसा दिलास? दाखव बरं."

माघीने करणकडे पाहिलंसुद्धा नाही. ती जिवापाशी आली, त्याची लुंगी जरा वर सारली आणि गुडघ्याखालच्या फटीत बोट घातलं.

"हितून. हितूनच भरवते मी त्याला."

बाईंनी जिवाला बाकावर निजवलं, पाय वर उचलला आणि प्लास्टरावर टिचक्या मारल्या. आधी चिंचोका आला. मग भाताची चार वाळलेली शितं, आणि बिस्किटाचा तुकडा.

करणला ती जन्मल्यापासून भाऊच म्हणत आली होती. घरातलं बाळ म्हणजे पांढऱ्या दुपट्यातलं हे, आईने जपायला सांगितलेलं. पोरगी खरं तेच बोलली होती, आणि खरं बोलून तिने मार खाल्ला होता.

जिवा बाकावर उठून बसला आणि बाईंच्या देखत हमसून हमसून रडला. त्याने माघीला जवळ घ्यायला हात पुढे केला. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती खाली बसून प्लास्टर थोपटत होती.

"उगी, बाळा," ती त्याला सांगत होती. "बा आता नाय मारायचा."