आपल्या हातानं बांधायचा पट्टा

रोशनीला कुणी विचारलं, काय करतेस, तर ती ‘शिवते’ म्हणते आणि विषय संपवते. मला याचा राग येतो. ब्लाऊज शिवणाऱ्या बायका अंबरपेठेत गल्लोगल्ली आहेत. पाय सुजणाऱ्या, शिरा फुगलेल्या, घोट्यापाशी जखम होणाऱ्या माणसांसाठी दाबपट्टे बेतणारी बाई मला तरी ही एकच भेटली. मी फिजिओथेरपिस्ट. नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून इथं आले, आणि माझे निम्मे पेशंट मी गौलीगुड्याला, बस स्टँडमागच्या, ती काम करते त्या कारखान्यात पाठवते. कारखाना म्हणजे जिन्यावरची एक लांबोळकी खोली, थोडी शिलाई मशिनं आणि प्रतापराव नावाचे मालक.

अशा पायांना डॉक्टर गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे लिहून देतात. ते चढवणं म्हणजे ओल्या पायावर चुडीदार चढवणं. म्हाताऱ्या माणसाला वाकवत नाही, बोटं आखडलेली असतात, पोट आडवं येतं. घरात कुणी चढवून देणारं असेल तर ठीक, नाहीतर आठवड्याभरात मोजे कपाटात साड्यांखाली जातात आणि पाय पुन्हा भोपळ्यासारखा होतो. मग मी पेशंटवर ओरडते. ओरडून सूज उतरत नाही हे माहीत असूनही ओरडते.

रोशनीच्या घरी बांधून देणारं माणूस होतं, ती स्वतः. तिची आई पार्वतीबाई, मूळच्या नांदेडकडच्या. त्यांच्या उजव्या घोट्यावर जुनी जखम आहे, पट्टी नसली की ती उघडते. म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी रोशनी जमिनीवर बसायची, आईची टाच मांडीवर घ्यायची आणि बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी गुंडाळायची. मध्ये एकदा ती तापानं पडली, पट्टी राहिली, आणि जखम भरायला सगळा हिवाळा गेला. तेव्हापासून ही बाई एक रात्र घराबाहेर राहिलेली नाही. भाऊ आदर्श नांदेडला असतो. त्याची काळजी फोनवरून येते. ‘तू आहेस म्हणून बरंय’, असं तो दर रविवारी सांगतो.

दसऱ्याला अंबरपेठेच्या विहारातून नागपूरला, दीक्षाभूमीला बस जाते. दरवर्षी रोशनी पांढऱ्या साड्यांतल्या बायकांच्या पिशव्या वर चढवून द्यायची, ‘जय भीम’ म्हणायची आणि परत यायची. गेल्या वर्षी ती बस गेल्यावर सरळ माझ्या क्लिनिकात आली, बाकावर बसली आणि म्हणाली, “ताई, मी थकले.” एवढंच. थकलेली माणसं मी रोज बघते, पण त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. थोड्या वेळानं तिनं ठरवून टाकलं, की मायला आपल्या हातानं बांधता येईल असा पट्टा पुढच्या दसऱ्याआधी करायचा. आणि नागपूरला जायचं.

डॉक्टरांनी पायाचा रक्तपुरवठा तपासून दाब द्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पहिला पट्टा झाला. कापडाचा एक तुकडा पोटरीभोवती, त्याला खालून वर ओळीनं आडव्या पट्ट्या, टोकाला वेलक्रो. पार्वतीबाईंनी आमच्यासमोर तो नीट बांधून दाखवला. दुसऱ्या दिवशी रोशनी त्यांच्यावर सोपवून कामाला गेली, आणि संध्याकाळी पाऊल सुजून चकाकत होतं. तिसऱ्या दिवशीही तेच. रोशनीनं कापड बदललं, बेतणी बदलली. मी मापावरून तिला चार शब्द सुनावले. प्रतापराव तेवढे शांत. “हल्लू हल्लू होतं, बाई. परेशान नक्को होऊ,” म्हणायचे, आणि दुसऱ्या ऑर्डरी पुढं सरकवायचे. दिवसभर ती त्या ऑर्डरी उरकायची, घरी आल्यावर आईचा पट्टा उसवायची. तिचे डोळे आत गेले होते.

शेवटी एका सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन खाटेवर बसले आणि मुद्दाम तोंड मिटून ठेवलं. पार्वतीबाईंनी पट्टा पायाला लावला, सगळ्यात वरची पट्टी धरली आणि श्वास रोखून गुडघ्याखाली आवळली. खालच्या पट्ट्या मग नुसत्या चिकटवल्या. मी विचारलं, मावशी, आधी वरची का?

“मग? सुटून खाली पडलं म्हणजे? चार बायांत इज्जत जायची.”

जन्मभर त्यांच्या अंगावरचं लुगडं, परकर, सगळं वरच्या गाठीवर टिकलं होतं. नाडी पक्की तर बाई पक्की. आमच्यासमोर बांधताना आम्ही ‘खालून, मावशी, खालून’ करत होतो, म्हणून त्यांनी आमचं ऐकलं होतं. एकटीनं बांधताना त्यांनी आपल्या रीतीनं बांधलं. दाब घोट्याशी जास्त आणि वर कमी कमी हवा. इथं पोत्याचं तोंड आवळल्यासारखं झालं होतं, आणि पाणी खालीच अडत होतं. मी माझ्या इतर म्हाताऱ्या पेशंटना बांधायला लावून पाहिलं. बहुतेकींचा हात आधी वरच गेला. रोज नाड्या बांधणाऱ्या आम्हा दोघींना हे सुचू नये, याची मला लाज वाटली.

रोशनी मात्र चिडली. सांगून सांगून तोंड दुखलं तरी ही ऐकत नाही, म्हणाली. दोन दिवस ती आईशी धड बोलली नाही. मग तिनं सांगणंच सोडलं आणि पट्टा नव्यानं बेतला. आता वरच्या पट्टीला चिकटायला जागा फक्त खालच्या पट्टीच्या पाठीवर. खालची लावल्याशिवाय वरची लागतच नाही. आखडलेल्या बोटांसाठी प्रत्येक टोकाला अंगठा जाईल असा फासा. आणि सगळ्यात वर तिनं एक नाडी ओवली. आतून टाके मारून अडवलेली, कितीही ओढा, पाय आवळत नाही. पार्वतीबाई ती रोज गाठ मारून बांधतात आणि निश्चिंत होतात. डॉक्टरी रंग त्यांना पसंत नव्हता, म्हणून कापड निळं घेतलं.

श्रावणापर्यंत पाऊल संध्याकाळीही उतरलेलं राहू लागलं. रोशनीचा जीव मात्र काही हलका झाला नाही. सकाळी त्याच वेळेला उठून बसायची, आई बांधतेय का बघायची. नागपूरच्या बसमध्ये जागा धरली आणि तयारीला लागली ती घराच्या. शेजारणीला सांग, मला संध्याकाळी डोकावायला सांग, आदर्शला फोन करायला सांग. तिला बघून मलाच दमायला व्हायचं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी पाय बघायला गेले होते. त्यांची बुद्धवंदना आटोपली होती. पार्वतीबाई शांतपणे म्हणाल्या, बसमधली जागा मला दे.

रोशनीला वाटलं, चेष्टा आहे. चेष्टा नव्हती.

“तू तिथं जाऊन माझाच पाय बघत बसशील. मी ओळखत नाही का तुला? मीच जाते. मग तुला घरात बघायला पायच राहणार नाही.”

रोशनीनं विचारलं, तिथं बांधून कोण देणार? पार्वतीबाईंनी लुगडं थोडं वर घेतलं, निळा पट्टा दाखवला आणि म्हणाल्या, “आज कोणी बांधला हा?” ‘मी’ म्हणायची सोय रोशनीनंच वर्षभर खपून बंद केली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. उभं राहू नका, चालत राहा, बस थांबेल तिथं उतरून फिरा, एवढं मी सांगितलं. नको म्हणायला मलाही कारण सापडलं नाही.

बस गेली. मी रागावले होते. वर्षभर हिनं मरायचं आणि ऐन वेळी म्हातारीनं जागा घ्यायची, असं परत येताना बोलूनही दाखवलं. रोशनी पुढं बघत चालत राहिली. मला वाटलं, आतल्या आत रडत असेल.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर मी इडल्या घेऊन तिच्याकडे गेले. कडी वाजवली, पुन्हा वाजवली. शेवटी दार उघडलं. तिचे केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. तिनं माझ्या मागचं ऊन पाहिलं आणि दाराला धरून उभी राहिली.

“ताई, मी झोपले होते,” ती म्हणाली, आणि रडायला लागली.

मी इडल्या ओट्यावर झाकून ठेवल्या आणि तिला परत झोपायला लावलं.