आत्याची इच्छा आणि दुपारची बस

बारावीला लातूरमध्ये आम्ही एक खोली भाड्यानं घेतली होती. आम्ही म्हणजे मी आणि माझी आत्या. त्या गल्लीत घरोघरी हेच चित्र होतं: आत एक मूल फिजिक्स-केमिस्ट्री करत बसलेलं आणि त्याच्यासाठी गावाकडून आलेली एक बाई बाहेर स्टोव्हला पंप मारत असलेली. आईला शेत सोडून येता येत नव्हतं. आत्या एकटी होती, म्हणून ती आली. "मला काय, तितं थापायच्या भाकरी हितं थापीन," म्हणाली.

ती एकटी होती कारण भूकंपात तिचं घर गेलं होतं. नवरा त्याआधीच वारलेला. घरात ती आणि सासू. आदल्या संध्याकाळी दोघींचं भांडण झालं आणि आत्या वळकटी घेऊन अंगणात झोपायला गेली. पहाटे दगडमातीच्या भिंती आत कोसळल्या. सासू आत होती. एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भांडताना आत्या काय बोलली होती, ते मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

ते मला क्लासच्या पालक मेळाव्यानंतर कळलं. मेळाव्याला पालकांनी आलंच पाहिजे असा नियम होता, म्हणून आत्या नवं लुगडं नेसून माझ्या शेजारी बसली. बाहेरून बोलावलेले वक्ते सुटात होते. माइक घेऊन फिरत फिरत बोलत होते. "क्वांटम फिजिक्सनं हे सिद्ध केलंय! तुम्ही पाहता म्हणून जग तसं घडतं. मनात जे धराल ते ब्रह्मांड ऐकतं. ऐकतं की नाही?"

"ऐकतं!" सगळी पोरं ओरडली. मीही ओरडले.

मग त्यांनी पालकांना उभं केलं आणि डोळे मिटून आपलं मूल पांढऱ्या कोटात बघायला सांगितलं. सगळ्यांनी डोळे मिटले. आत्या मध्येच खाली बसली.

खोलीवर आल्यावर तिनं विचारलं, "ते साहेब बोलले ते तुझ्या पुस्तकात हाय का?"

"ह्या वर्षीच्यात नाही. पुढच्यात असेल."

"मनात आणलेलं खरं होतंय?"

"तसं म्हणाले ते."

ती पीठ मळत राहिली. मग परातीकडे बघतच म्हणाली, "त्या सांजंला मी म्हातारीला म्हणले होते, पडू दे एकदाचं हे घर, म्हंजी सुटंल मी."

मी स्टोव्हला पंप मारत राहिले.

त्या दिवसापासून आत्यानं काही मागणंच सोडलं. देवापुढं हात जोडायची, पण ओठ हलायचे नाहीत. मला ताप आला तेव्हा कपाळावरच्या पट्ट्या बदलत बसली, पण बरं वाटेल असं म्हणाली नाही. पेपरच्या दिवशी घरमालकीण म्हणाली, "अहो, लेकराला काही चांगलं बोला की!" तर म्हणाली, "माझ्या तोंडून नको." माझ्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि आत गेली. एवढीशी खोली, आणि तिच्यात ती स्वतःच्या मनाला भिऊन वावरायची. मी अभ्यासाला बसले की भिंतीकडे तोंड करून बसायची, माझ्याबद्दल चुकून काही वेडंवाकडं मनात येईल म्हणून.

क्लासच्या सरांना मी विचारलं, "सर, ते मनाचं आणि क्वांटमचं कुठल्या धड्यात आहे?" ते हसले. "ते परीक्षेला येत नाही. कशाला डोकं लावतेस?"

मेडिकलला नंबर लागला नाही. मी नांदेडला बी.एस्सी.ला गेले आणि फिजिक्स घेतलं. घरच्यांना वाटलं, नाइलाजानं घेतलं. थोडं खरं होतं ते. पण मला तो धडा गाठायचा होता.

धडा शेवटच्या वर्षी आला. आला तोच समीकरणं घेऊन. क्लासमध्ये आम्हाला चार पर्यायांतून उत्तर ओळखायला शिकवलं होतं, इथं पर्यायच नव्हते. मला साधं इंटिग्रेशन सुटेना. एक उदाहरण होतं, पेटीत अडकलेल्या कणाचं. भिंती इतक्या पक्क्या की बाहेर पडता येत नाही, आणि आत कधीही पूर्ण शांत होता येत नाही. ते पहिल्यांदा सुटलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, ही तर आत्याच. मग लक्षात आलं की सुटातल्या साहेबांनीही हेच केलं होतं. कणाचं गणित उचललं आणि माणसावर ठेवलं. मी ते पान उलटलं.

आमच्या मॅडमना मी चाचरत विचारलं. त्या लगेच हसल्या नाहीत, हे मला फार बरं वाटलं. म्हणाल्या, "मोजमाप करताना नक्की काय घडतं, यावर मोठमोठी माणसं अजून भांडतात. पण तू कुणाच्याही बाजूनं जा, गणित तेच राहतं. कोणतं उत्तर येण्याची किती शक्यता, एवढंच ते सांगतं. अमुकच उत्तर यावं, असं मागायची सोय त्यात नाही."

सुट्टीत मी आत्याकडे गेले. ती आता पुनर्वसनातल्या सरकारी घरात राहत होती आणि अजून अंगणातच झोपत होती. मी तिच्यापुढं मधोमध फोडलेले चिंचोके टाकले. म्हटलं, "हे बघ, किती पांढरे पडतील, किती काळे, ह्याचा अंदाज बांधता येतो. पण हाच पांढरा पड म्हटल्यानं तो पडत नाही. ते गणितही तसंच आहे. त्यात मनासाठी अक्षरच नाही."

"मग ते साहेब खोटं बोलले?"

"मला तसं वाटतं."

"वाटतंय का ठाऊक हाय?"

मी चिंचोके गोळा करायला लागले. ती म्हणाली, "ते सुटात होते, पोरी. तू अजून शिकायलीस."

दुपारी ती मला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. मग एकदम म्हणाली, "मी एक बोलून बघू का?"

"बोल की."

तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आज बस येऊ न्हाई. तू ऱ्हा."

बस आली. आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "आली की गं!" म्हणत तिनं बसच्या पत्र्यावर थाप मारली, मग आणखी एक. कंडक्टर ओरडला, "ओ मावशी, बसायचंय का नुसतं बडवायचंय?" ती हसत होती. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग दर खेपेला तेच. ती बस येऊ नये म्हणायची, बस यायची, मी निघायचे. एकदा मात्र बस आलीच नाही. आत्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "बघ," एवढंच म्हणाली.

मी सांगत होते, आत्या, बस नेहमीच बिघडते, तू काही म्हणत नाहीस तेव्हाही बिघडते, तेही धरायला नको का? तिला ऐकू येत नव्हतं. मला खरं तर राहायचं होतं. परीक्षा संपली होती, नांदेडला काही काम नव्हतं. पण राहिले असते तर तिची इच्छा खरी झाली असती. मी पिशवी उचलली आणि उन्हात फाट्यापर्यंत चालत गेले, काळीपिवळी जीप पकडली. प्रयोगात असा हात घालायचा नसतो, हे मला कळत होतं. मॅडमनी असं रीडिंग प्रयोगवहीतून खोडलं असतं.

तेव्हापासून बस आली तरी मी निघते, नाही आली तरी निघते. आत्या आता माझ्या नोकरीसाठी मागते, पावसासाठी मागते, शेजारणीला चिडून काहीबाही बोलतेसुद्धा. आणि मला तिच्याकडे एक दिवसही राहता येत नाही.

परवा गेले होते. थांब्यावर ती नेहमीसारखी म्हणाली, "आज बस येऊ न्हाई. ऱ्हा गं." मी रस्त्याकडे बघत उभी होते आणि माझ्याही मनात तेच होतं, अगदी तिच्याच शब्दांत. आम्ही दोघी एकच गोष्ट मागत होतो. वळणावर धुरळा उठला आणि बस आली.