कांबळ्यांचा हिरवा बावटा

वाफेच्या इंजिनातली राख वेळेवर काढली नाही तर आग गुदमरते. रिटायर्ड रेल्वेवाल्यांचंही तसंच. लालबागला आमच्या चाळीखालच्या बाकावर रोज संध्याकाळी थोडी राख काढावी लागते. बाकावर आम्ही तिघं. तात्या परब, ड्रायव्हर. कांबळे, गार्ड. आणि मी वर्कशॉपातला फिटर, म्हणून माझं कोणी ऐकत नाही.

*

तात्या तरुणपणी दौंडकडे वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. कोळशाचं फावडं धुवायचं, भट्टीत तापवायचं, त्यावर अंडी फोडायची. तसलं आम्लेट परत खाल्लं नाही, हे वाक्य वहिनींनी लग्नापासून ऐकलं. एके सकाळी त्यांनी गटार साफ करायचं फावडं आणून गॅसपाशी ठेवलं.

"त्याल वयर आसा," फळीवरच्या तेलाच्या बाटलीकडे बोट दाखवत म्हणाल्या. "करा तुमीच."

तेव्हापासून तात्या पोहे खातात.

*

रेल्वेच्या एका ऑफिसबाहेर जुनं वाफेचं इंजिन रंगवून चौथऱ्यावर ठेवलंय. आम्ही हौसेनं बघायला गेलो. मी फोटो काढतोय, तात्या चाकांपाशी वाकलेले. चेहरा असा, की घरातलं माणूस हॉस्पिटलात बघितलंय.

पुढच्या रविवारी पिशवीत तेलाचा कॅन आणि चिंध्या घेऊन हजर. वॉचमननं विचारलं, हे काय आता चालणार आहे का? तात्या चाकाच्या दांड्याला तेल देत म्हणाले, "नहीं चलनेका तो क्या सडने देनेका?"

आता वॉचमनच रविवारी आमची वाट बघतो. त्याला वाटतं, आम्ही पगारी आहोत.

*

तात्या आणि कांबळे बरीच वर्षं एकाच गाडीवर होते. तात्या पुढे इंजिनात, कांबळे शेवटच्या डब्यात. गार्डानं हिरवा बावटा दाखवल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही, हा नियम. तात्यांनी उभ्या नोकरीत एकदाच घाई केली. कांबळे पाणी भरायला उतरले होते, ते बाटलीसकट प्लॅटफॉर्मवरच राहिले!

पुढच्या स्टेशनात गाडी अडवली. कांबळे रुळांतून चालत आले. शिवी नाही, तक्रार नाही. घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "यापुढं मला सोडून जायचं नाही."

तात्यांनी ते फारच मनावर घेतलं. ठाकूरद्वारला एका लग्नाला टॅक्सीनं निघालो होतो. तात्या पुढे, मी आणि कांबळे मागे. सिग्नल सुटला, मागून हॉर्नचा दंगा, आणि तात्यांनी टॅक्सीवाल्याचा हात धरून ठेवलेला. कांबळ्यांनी मागच्या काचेतून नीट पाहिलं, खिशातून हिरवा रुमाल काढून हलवला. मग टॅक्सी हलली. उतरताना टॅक्सीवाल्यानं हळूच मला विचारलं, तुम्ही यांना सांभाळता का?

*

मग चाळ रिकामी करायची नोटीस आली. टॉवर होईपर्यंत तात्या पनवेलला मुलाकडे, कांबळे कल्याणला लेकीकडे, मी बदलापूरला. टॉवर कधी होणार देव जाणे, आणि आमची वयं बघता तो बघायला कोण उरणार तेही त्यालाच ठाऊक. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही, खोटं कशाला बोलू.

शनिवारी सकाळी तात्यांचा टेम्पो भरला. वहिनी आदल्याच दिवशी पुढे गेल्या होत्या. तात्या टेम्पोवाल्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, गार्डाचा हिरवा मिळाला की निघू. पाऊण तास गेला. टेम्पोवाला माझ्यावर डाफरायला लागला, म्हणून मी तिसऱ्या मजल्यावर कांबळ्यांकडे गेलो.

कांबळे गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. अंगात पांढरा युनिफॉर्म, कडक इस्त्रीचा. मांडीवर दोन्ही बावटे गुंडाळलेले.

"तात्या खाली थांबलेत," मी म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. उठले, लाल बावटा उलगडला आणि गॅलरीबाहेर धरला.

खाली तात्यांनी मान वर करून बघितलं. टेम्पोवाल्याला इंजिन बंद करायला लावलं. मग खिशातून मोबाइल काढून मुलाला फोन केला.

"तुम्ही जेवून घ्या रे," म्हणाले. "सिग्नल नाही. गाडी आउटरला उभी आहे."