बोट ठेवून वाचलेली ओळ

सूनबाई कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करते आणि एंटर दाबण्याआधी एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचते. तांदूळ निवडावेत तशी. ती ओळ अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवते. कुठून घ्यायचं आणि कुठं ठेवायचं, ही दोन नावं तेवढी जागच्या जागी हवीत.

मी चौथी शिकलेला, पण "मला येतं" म्हणायची खोड जुनी. मागं ती माहेरी गेली असताना मीच ती ओळ टाकली, न वाचता. नावं उलटी पडली. कोऱ्या डिस्कचं कोरेपण भरलेल्या डिस्कवर उतरलं. तिच्या वारलेल्या आईच्या ओव्या त्यात होत्या. आईचा तेवढाच आवाज उरला होता.

"मधेच लाईट गेली," मी सांगितलं. तिनं ते खरं मानलं आणि लाईट गेली तरी कॉम्प्युटर चालू राहावा म्हणून बॅटरी आणून बसवली.

रिकामं भांडं भरलेल्यात ओतता येत नाही, असं मी जन्मभर समजत होतो. येतं. अडाण्याचा ताठा तेच करतो.

"मामंजी, बॅटरी फुल्ल आहे. आता जाऊ दे लाईट खुशाल!" आज ती हसून म्हणाली आणि तिनं पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.

"त्या दिवशी लाईट गेली नव्हती, पोरी. मीच चुकलो."

बोट तिथंच थांबलं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मग आज ओळ तुम्ही वाचा. मोठ्यानं."

मी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर लावत वाचू लागलो.