मुद्दाम बिघडवलेलं दार

मिस्त्रीकाका त्या घरात आले ते दोन दिवसांच्या कामासाठी. एक दार तुटलं होतं, ते बसवून निघायचं असं ठरलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. एक दार बसवून होईपर्यंत दुसरं तुटलेलं असे.

घर दुमजली. तेरा ते सतरा वयाची चौदा मुलंमुली तिथं राहत. ज्यांनी सांभाळायचं त्यांनीच ज्यांचे हाल केले, अशी ही मुलं. इथं त्यांच्यावर उपचार होत, अभ्यास होई, जेवणाच्या वेळा पाळल्या जात, आणि रागाचा पहिला मान दारांना मिळे. भिंतीला लाथ मारली तर नुसता पाय दुखतो. दार निदान हलून दाद देतं.

काकांचा नियम एकच. ज्यानं दार मोडलं, त्यानं दुरुस्तीच्या वेळी दुसरं टोक धरायचं. का मोडलं हे ते विचारत नसत. विचारता येतही नसे, कारण काम करताना त्यांच्या ओठांत चार-पाच स्क्रू असत. समुपदेशन करणाऱ्या ताईंच्या खोलीत आठ-आठ भेटींत ताकास तूर लागू न देणारी मुलं दाराचं टोक धरलं की घडाघडा बोलत. काका नुसतं "हं" म्हणत. ताईंनी एकदा न राहवून विचारलं, तुम्ही नेमकं करता तरी काय? काकांनी विचार करून सांगितलं की स्क्रू ते सव्वा इंची वापरतात.

साळिंदर हे नाव मुलांनीच ठेवलेलं. सोळा वर्षांची, किडकिडीत. कुणी दोन हातांच्या आत आलं की हिचे काटे उभे. तिनं आजवर एकही दार मोडलं नव्हतं. तिची तऱ्हा वेगळी. मुलांच्या खोल्यांना आतून कडी नसे. आत कोण स्वतःला काय करून घेईल याचा नेम नाही, म्हणून तसा नियमच होता. साळिंदर झोपण्याआधी लाकडी कपाट ढकलत आणून दाराला लावी. एका सकाळी आग लागल्यास बाहेर पडण्याचा सराव झाला. तेराजण अंगणात येऊन उभे राहिले, चौदावी कपाटामागं गाढ झोपलेली. शेवटी मोठ्या बाई, म्हणजे घराच्या प्रमुख, आणि माळी यांनी खांदे लावून दार मोडलं.

ही बातमी देखरेख समितीपर्यंत गेली. समितीनं कळवलं की सोमवारी येऊ, आणि कपाट तोवर दारापासून हटलं नसेल तर मुलीला दुसऱ्या संस्थेत पाठवू. त्या संस्थेत खोल्यांना कडी होती, पण बाहेरून.

नियमाप्रमाणे दुरुस्तीच्या वेळी टोक बाईंनीच धरायला हवं होतं. त्या आल्याही. पण खांदा सुजलेला, म्हणून बुधवारी साळिंदरला उभं केलं. तिनं टोक धरलं आणि तोंड मिटलं. काकांना पोरीची काळजी लागली होती, आणि काळजी लागली की ते काम जरा जास्तच चांगलं करत. खालची कड रंध्यानं तासली, नव्या बिजागऱ्या बसवल्या, तेल सोडलं. करंगळीनं ढकललं तरी चूं न करता उघडेल असं दार झालं. दार बोललं की सुतार चुकला, असं त्यांचे वडील म्हणत.

गुरुवारी सकाळी साळिंदरच्या दाराला आतून कपाट होतं, कपाटाला टेबल आणि टेबलाला पलंग.

बाईंनी फटीतून विनवण्या करून ते सगळं बाजूला करवलं आणि कपाट जागेवर न्यायला काकांना बोलावलं. स्क्रूचं काही काम नव्हतं. तरी काकांनी सवयीनं चार ओठांत धरले. दुसरं टोक साळिंदरनं उचललं.

"आधीचं दार वाजायचं," ती कपाटाला सांगावं तसं म्हणाली.

"हं."

"थोडंच वाजायचं. झोपेत कळेलच असं नाही, म्हणून कपाट. आता तर तेवढंही नाही." तिनं टोकावरची पकड बदलली. "आमच्या घरी त्यानं बिजागरीला तेल घातलं होतं. मुद्दाम."

काकांनी कपाट खाली ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी समोर मूल असताना ओठांतले स्क्रू काढून खिशात टाकले.

"केवढं वाजलं म्हणजे कपाट लागणार नाही?"

साळिंदरनं विचार केला. "मला जाग येईल एवढं."

काकांनी बाईंकडं जाऊन दार बिघडवण्याची परवानगी मागितली. बाईंनी कारण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मिस्त्री, बिघडवाल तर नीट बिघडवा."

ते सांगणं सोपं होतं. तेल पुसलं, बिजागरी साबणानं धुतली, स्क्रू ढिले केले. पण नवी बिजागरी म्हणजे नवी सून, पहिले काही दिवस चूं करत नाही. काका घरी गेले. त्यांच्या स्वयंपाकघराचं दार एकोणीस वर्षं कण्हत होतं, आणि तितकीच वर्षं बायको दिव्याखाली अंधार म्हणत होती. त्या संध्याकाळी त्यांनी तिथल्या गंजक्या बिजागऱ्या काढून नव्या लावल्या. बायको झारा हातात धरून बघत राहिली.

"अहो, बरं वाटत नाहीये का?"

काकांनी गंजक्या बिजागऱ्या जपून पिशवीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी तिनंच तक्रार केली की आता तुम्ही बिस्किटांच्या डब्याजवळ आलात ते कळतच नाही.

शुक्रवारी त्या गंजक्या बिजागऱ्या साळिंदरच्या दाराला लागल्या आणि चाचणी झाली. साळिंदर पांघरूण डोक्यावर घेऊन पडली. काका बाहेरून दार उघडायचे. पहिल्यांदा पांघरुणातून "नको" आलं, दुसऱ्यांदाही. काकांनी वरच्या बिजागरीखाली कागदाची घडी सारली. तिसऱ्यांदा दार असं कण्हलं की जणू एखादा म्हातारा खोल खुर्चीतून उठतोय. शेजारच्या खोलीतून कुणीतरी विचारलं, कोण गेलं रे? साळिंदरनं डोकं बाहेर काढलं.

"हे."

तिनं आणखी सात वेळा उघडायला लावलं. वडील हयात नव्हते, हे काकांना त्या दिवशी पहिल्यांदाच बरं वाटलं.

शनिवारी सकाळी कपाट दारालाच होतं. बाई बघून गेल्या. काकाही गिरमिट शोधण्याच्या निमित्तानं दोनदा येऊन बघून गेले. रविवारी कपाट हातभर मागं होतं. सोमवारी ते भिंतीशी होतं.

समितीचे तिघे दहा वाजता आले. त्यातल्या वयस्कर सदस्यांनी दार ढकललं आणि अख्खा मजला कण्हला. ते बाईंना म्हणाले की कसला सुतार ठेवलाय, दोन थेंब तेल घालायचंही कळत नाही? काका व्हरांड्यात उभे होते. तोंडात स्क्रू होते, त्यामुळे बोलता आलं नाही.

साळिंदर अनोळखी माणसाशी कधी बोलत नसे. ती दार आणि सदस्य यांच्या मधे येऊन उभी राहिली.

"तेल घालायचं नाही. काकांनी मुद्दाम बिघडवलंय. माझ्यासाठी."

सदस्यांनी तिच्याकडं पाहिलं, भिंतीशी उभ्या कपाटाकडं पाहिलं, आणि वहीत दोन ओळी लिहिल्या. मुलीला इथेच ठेवावे. दार दुरुस्त करून घ्यावे.

पहिल्या ओळीची अंमलबजावणी त्याच दिवशी झाली. दुसरी काकांच्या कामांच्या यादीत आहे. तिच्या वरची कामं संपली की ते बघणार आहेत, आणि त्या घरात दारं रोजच तुटतात.