हाक

खिळ्याला लहानपणी गोलच करायचे होते. पण एका सुट्टीत तो असा काही उंच झाला, की शाळेच्या कोचने दंडाला धरून त्याला मागे नेलं आणि सांगितलं, "तू इथे. इथून हलायचं नाही." तो हलला नाही. म्हणून खिळा.

पुढची सगळी कारकीर्द तिथेच, गोलच्या पुढ्यात झाली. दोन किरकोळ क्लब, मग हा एक बरा क्लब. दोनदा मोडलेलं नाक, एक वाकडी करंगळी, भुवईवर टाके. गोल करणाऱ्याचे फोटो लोक भिंतीवर लावतात, अडवणाऱ्याला घरचेच विचारतात, "आज तू होतास का रे खेळात?" त्याची आई हे खरंच विचारायची, आणि वर म्हणायची, "दिसला नाहीस कुठे, म्हणून म्हटलं."

याचं त्याला फारसं काही वाटायचं नाही, कारण त्याच्याकडे हाक होती. बचावातले चौघं एका ओळीत उभे राहतात. समोरचा गडी चेंडू पुढे मारणार, नेमक्या त्या क्षणी चौघांनी मिळून एक पाऊल पुढे टाकायचं. म्हणजे त्यांचा धावणारा माणूस ओळीमागे एकटा उरतो, पंचाचा झेंडा वर जातो, ऑफसाइड. चौघांतला एक जरी मागे राहिला, तर मुसळ केरात. तो क्षण ओळखून "वर!" म्हणून ओरडायचं काम एकाचंच असतं. इतकी वर्षं ते खिळ्याचं होतं. हजारो लोकांच्या गोंगाटात तीन माणसं आपल्या एका शब्दावर हलतात, हे सुख त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

मग पाहुणा आला. दुसऱ्या क्लबकडून एका मोसमापुरता आलेला, म्हणून पाहुणा. मोसम संपला तरी तो गेला नाही, नावही गेलं नाही. खिळ्याच्या शेजारीच खेळायचा. त्याचे बूट कधी चिखलाने माखलेले नसत. शॉवरखाली गायचा, तेही सुरात. आणि सारखं "दादा, दादा".

एका सकाळी सरावाआधी क्लबचा कोच म्हणाला, "आजपासून हाक पाहुणा देईल."

"का?"

"तुझा घसा अर्ध्या तासात बसतो. त्याचा आवाज पार पलीकडे जातो."

"म्हातारा झालास रे खिळ्या, लिमलेटच्या गोळ्या चघळ आता," गोलकीपर म्हणाला, आणि सगळे हसले. खिळाही हसला. घरी येऊन मात्र बायकोला म्हणाला, "आयत्या बिळावर नागोबा."

बायको औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून आलेली. पाय चोळत म्हणाली, "पण बोलतो किती गोड रे तो."

खिळा जेवणावरून उठला.

त्यानंतर मैदानावर प्रत्येक "वर!" त्याच्या कानात खड्यासारखा टोचायला लागला. हाक चुकीची असती तर बरं झालं असतं. ती बरोबर असायची. आपण दिली असती नेमकी तेव्हाच यायची. जणू कुणी आपलाच शर्ट घालून हिंडतंय, आणि तो त्याला जास्त शोभतोय.

मोसमाच्या शेवटाकडे, बरोबरीत चाललेल्या एका सामन्यात पाहुण्याने हाक दिली आणि खिळ्याचा पाय उचलला गेला नाही. त्याने ठरवलं नव्हतं. फक्त त्या आवाजावर हलायचा त्याला कंटाळा आला, एका श्वासाएवढा. तिघं पुढे गेले, तो मागे राहिला, झेंडा खालीच राहिला. गोल झाला. सामना गेला.

दुसऱ्या दिवशी पडदे ओढलेल्या खोलीत कोचने चित्रफीत थांबवली. तीन पाठी एका ओळीत, आणि मागे खिळा, खांबासारखा.

"हे काय आहे?"

खिळा बोलायच्या आत पाहुणा म्हणाला, "माझी चूक. मी हाक उशिरा दिली. दादांना ऐकूच गेलं नसणार."

खोलीत कुणीतरी हळूच "वा" म्हणालं. ते ऐकून खिळ्याच्या अंगाची लाही झाली. हाक याची, गोड आवाज याचा, आता मोठेपणाही यालाच?

"खोटं बोलतोय तो," खिळा म्हणाला. "वेळेत दिली होती. मी ऐकली होती. मी हललो नाही."

पुढच्या सामन्याला तो बाकावर होता.

बायको म्हणाली, "खरं बोललास हे बरं केलंस."

"खऱ्यासाठी नव्हतो बोललो."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली आणि हसू दाबत वळली.

बाकावरून ओळ अगदी स्वच्छ दिसते. पहिल्याच हल्ल्याला पाहुण्याने हाक दिली, चौघं एका अंगाचे असल्यासारखे पुढे आले, झेंडा वर. शेजारच्या राखीव गोलकीपरने टाळ्या वाजवल्या. मग खेळ थांबला तेव्हा पाहुणा पाणी प्यायला कडेला आला आणि त्याने खिळ्यालाच विचारलं, "दादा, जमलं ना?"

"उशीर झाला," खिळा म्हणाला. "थोडी लवकर दे."

पाहुण्याने मान हलवली. शंका नाही, प्रश्न नाही. तो माघारी गेला आणि बाकीच्या तिघांना खुणेने काही सांगू लागला: लवकर, अजून लवकर. लवकर हाक म्हणजे चौघं पुढे, चेंडू अजून समोरच्यांच्या पायात, आणि मागे सगळं रान मोकळं. हा माणूस आपल्यावर एवढा विश्वास ठेवेल, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

तो बाकावरून उठला, समोरची आखलेली चौकट ओलांडून थेट कडेपर्यंत धावला. "नाही! मघाचं बरोबर होतं! ऐक, मघाचंच बरोबर होतं!"

बसका घसा, त्यात लोकांचा कल्ला. पाहुण्याने कानाला हात लावला. खिळा पुन्हा ओरडला, जीव तोडून. चौथा पंच त्याला मागे ढकलत होता. अखेर पाहुण्याने लांबून अंगठा दाखवला आणि मोकळेपणाने हसला.

पंचाने जवळ येऊन खिळ्याला पिवळं कार्ड दाखवलं. "काय रे झालं तुला?" कोच खेकसला.

"काही नाही." खिळा येऊन बसला. चेंडू पुन्हा आपल्या गोलकडे येत होता. पाहुण्याची हाक आली, अगदी ठरल्या क्षणी, पार पलीकडच्या प्रेक्षकांपर्यंत गेली. झेंडा वर झाला.

"आवाज आहे बुवा याला," राखीव गोलकीपर म्हणाला.

"आहे ना मेल्याला," खिळा म्हणाला.