जोलारपेटचा थांबा

अक्का पक्क्या शाकाहारी. तरी आठवड्यातून एकदा त्यांच्या पदराला कोळंबीचा वास यायचा. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आमच्या मुलींच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि समुद्रापासून इतक्या लांब बसून समुद्रातल्या कोळंबीवर प्रबंध लिहायच्या. साठच्या दशकात मी बेळगावहून तिथं डेमॉन्स्ट्रेटर म्हणून गेले आणि त्यांच्या या हट्टात ओढलीच गेले.

कोळंबीच्या शुक्राणूला शेपूट नसते, त्याला पोहता येत नाही. असतो तो एक बारीक काटा. मग तो अंड्याच्या आवरणाला चिकटतो कसा, एवढंच अक्कांना डोळ्यांनी पाहायचं होतं. प्रबंध तिथंच अडला होता. पण मादीनं अंडी आणि नराचे साठवलेले शुक्राणू पाण्यात सोडले की हे काम काही मिनिटांत उरकतं. आणि एरवी रात्री अंडी घालणाऱ्या या माद्या मद्रासहून पाण्याच्या डब्यातून येताना, गाडीच्या हादऱ्यांनी, भर दिवसा वाटेतल्या जोलारपेट स्टेशनाच्या आसपासच मोकळ्या व्हायच्या. आमच्या वाट्याला गढूळ पाणी.

"मुहूर्त टळला गं," म्हणत अक्का डबा धुवायला घ्यायच्या. त्यांच्या त्या शांतपणाचा मला संताप यायचा.

"अशानं जन्म जाईल, अक्का!" एकदा मी ओरडलेच.

"सरी, बरं. मग आपणच जाऊ गाडीतून."

रजेसाठी प्राचार्यांनी इतकं झुलवलं की हंगाम संपत आला. शेवटी मद्रासला गेलो. परतताना डबा पायाशी, सूक्ष्मदर्शक खिडकीजवळ ट्रंकेवर. चालत्या गाडीत काही दिसणं शक्यच नव्हतं. जोलारपेटला गाडी थांबली आणि डब्यातलं पाणी पांढुरकं झालं. अक्कांनी थेंब काचेवर घेऊन डोळा लावला.

"चिकटलाय! काट्यानंच धरलंय बघ!" आणि लगेच बाजूला सरकल्या. "ये, तू बघ. दोघींनी पाहायला हवं."

मी वाकले, तोच गाडीनं हिसका दिला. काच खाली पडली.

पुढच्या हंगामात रजा मिळाली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

"तुम्ही पाहिलंत ना? लिहून टाका," मी किती वेळा म्हटलं.

"तू पाहिलंस?"

"नाही."

"मग स्वल्प थांबू."

थांबता थांबता अक्का निवृत्त झाल्या आणि एक दिवस गेल्याही. प्रबंध तसाच राहिला. खरं तर मी "हो, पाहिलं" असं ठोकून द्यायला हवं होतं. पण अक्कांच्या हाताखाली राहून मला तेवढंही खोटं बोलता येईनासं झालं होतं, आणि त्याचाच त्यांच्यावर राग येतो.